आमची वाटचाल : उजेडाचे गठ्ठे

कराडात अण्णांनी स्टुडिओ सुरू केला तो पासपोर्ट फोटोंवर. मागच्या खोलीत डार्करूम, लाल बल्ब, दोरीला चिमट्यांनी लटकवलेले ओले प्रिंट. लग्नाची ऑर्डर म्हणजे छत्तीस फोटोंचे चार रोल, फार तर पाच. मी 2009 साली निकॉनचा डी90 घेतला आणि पहिल्याच मोठ्या लग्नाहून अकराशे फोटो घेऊन परतलो. अण्णांनी आकडा ऐकला आणि विचारलं, "एवढं बघणार कोण?"

बघायचं आम्हालाच होतं. पहिली दोन वर्षं सगळं जेपेगवर, म्हणजे कॅमेऱ्यातच तयार होऊन येणाऱ्या फाइलवर, निभावलं. मग 2011 च्या वैशाखात माझ्या हातून घोळ झाला. आदल्या रात्री साखरपुड्याला पिवळ्या बल्बच्या उजेडासाठी केलेली व्हाइट बॅलन्सची (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवण्याची) सेटिंग मी सकाळी अंगणातल्या मांडवात तशीच ठेवली. देवक, वरात, अक्षता, सगळं निळंशार. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या. निळेपणा ओढून काढायला गेलो तर चेहऱ्यावर डाग पडायला लागले. त्याच कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या नोंदीत, 4,096 पायऱ्या असतात, आणि व्हाइट बॅलन्स तर त्यात पक्का झालेलाच नसतो, नंतर हवा तसा ठरवता येतो. त्या दिवसापासून आम्ही रॉवर आलो.

रॉवर आलो आणि झोप गेली. फाइल कॅमेरा रॉमध्ये (फोटोशॉपचा रॉ फाइल उघडणारा भाग) उघडायची, उजेड आणि रंग लावायचा, फोटोशॉपमध्ये घ्यायची, शार्प करायची, लहान करायची, सेव्ह. तीन मिनिटं. दीड हजार फोटोंना पंच्याहत्तर तास. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू, आणि दाट तिथीच्या आठवड्यात तीन-तीन ऑर्डरी. वर लोडशेडिंग. इन्व्हर्टर टिकायचा तासभर, आणि तो बीप करायला लागला की मी आणि मामेभाऊ जे हातात असेल ते सेव्ह करत सुटायचो.

फोटोशॉपमध्ये ॲक्शन नावाची सोय आहे हे ऐकून होतो. आपण एकदा जे करू ते ती टिपून ठेवते आणि बॅच लावली की अख्ख्या फोल्डरवर तेच करते. एका रात्री सगळं टिपलं, बॅच लावली, शटर ओढून घरी गेलो. सकाळी येऊन बघतो तर पहिल्याच फोटोची कॅमेरा रॉची खिडकी उघडी, 'ओपन' दाबायला कुणी येतंय का याची वाट बघत. रात्रभर. 'सप्रेस फाइल ओपन ऑप्शन्स डायलॉग्ज' या चौकटीत खूण करायची राहिली होती.

दुसऱ्या रात्री खूण केली. सकाळी काम पूर्ण झालेलं, आणि फोल्डरमध्ये फाइल एकच. पाठवणीच्या गाडीची मागची काच, तिच्यावर झेंडूच्या माळा. तो त्या लग्नाचा शेवटचा फोटो होता. ॲक्शन टिपताना 'सेव्ह ॲज'मध्ये मी सवयीने नाव टाइप केलं होतं, त्यामुळे प्रत्येक फोटो त्याच नावाने आधीच्या फोटोवर सेव्ह होत गेला. रॉ फाइली शाबूत होत्या म्हणून वाचलो. आता नव्या पोराला मी पहिलं हेच सांगतो: ॲक्शन टिपताना नाव टाइप करायचं नाही, आणि बॅचमध्ये 'ओव्हरराइड ॲक्शन सेव्ह ॲज कमांड्स'वर खूण आहे का ते दोनदा बघायचं. तिसरी गोष्ट, रॉ फाइल उघडणं टिपताना कॅमेरा रॉच्या मेनूत 'इमेज सेटिंग्ज' निवडायचं. नाहीतर पहिल्या फोटोला लावलेला रंग सगळ्यांच्या माथी बसतो.

खरं नुकसान मात्र यंत्र बरोबर चालायला लागल्यावर झालं. मी एक प्रीसेट, म्हणजे ठरावीक सेटिंगांचा संच, बनवला, त्यात व्हाइट बॅलन्स 'ऑटो'वर, आणि अख्खं लग्न त्यातून काढलं. चाळीस मिनिटांत. फार खूश होतो. अल्बमचं सिलेक्शन करायला मुलीकडची मंडळी आली. तिच्या आत्याबाई हळदीच्या फोटोंवर थांबल्या आणि म्हणाल्या, "हळद लावली होती की चंदन?"

बरोबर होतं त्यांचं. पिवळा मांडव, पिवळ्या साड्या, पिवळा चेहरा. 'ऑटो'ला वाटलं उजेडच पिवळा आहे, म्हणून त्याने तो पिवळेपणा काढून टाकला. हळद फिकट आणि नवरीच्या ओठांवर निळसर झाक. तीनशेच्या वर फोटो हाताने परत केले.

त्या रात्री अण्णा खुर्ची ओढून शेजारी बसले. डार्करूममध्ये ते निगेटिव्हचे गठ्ठे करायचे: अंगणातल्या वेगळ्या, हॉलमधल्या वेगळ्या, फ्लॅशच्या वेगळ्या. प्रत्येक गठ्ठ्यातल्या एका निगेटिव्हची कागदाच्या पट्टीवर टेस्ट काढायची, सेकंद ठरवायचे, आणि बाकीच्यांना तेवढेच सेकंद द्यायचे. "तुझं मशीन हेच करतंय की," ते म्हणाले, "फक्त तू गठ्ठे पाडायचे सोडलेस."

आमची आजची पद्धत तीच. ब्रिज या फोटो बघायच्या-निवडायच्या प्रोग्रॅममध्ये फोटो उजेडाप्रमाणे वेगळे करायचे. एका लग्नाचे साधारण पंधरा ते वीस गठ्ठे होतात. प्रत्येकातला एक फोटो मन लावून करायचा, बाकीचे निवडून 'सिंक', म्हणजे तेच सेटिंग सगळ्यांना. सेटिंग प्रत्येक रॉ फाइलशेजारी छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये बसतं, मूळ फाइलला धक्का लागत नाही. मग सगळं फोटोशॉपच्या 'इमेज प्रोसेसर'मधून काढायचं, तिथे 'कन्व्हर्ट प्रोफाइल टू एसआरजीबी'वर खूण करून, म्हणजे रंग लॅबला कळणाऱ्या एसआरजीबी पद्धतीत येतात. ही खूण नसताना एकदा ॲडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीतल्या फाइली लॅबला गेल्या आणि जांभळी पैठणी करिझ्मा अल्बममध्ये धुतल्यासारखी उतरली. चूक माझी, पैसेही माझेच गेले.

घड्याळाचा किस्सा राहिला. आमचे कॅमेरे दोनाचे तीन झाले आणि बॅच फोटोंना वेळेप्रमाणे नंबर द्यायला लागली. एका कॅमेऱ्याचं घड्याळ बावीस मिनिटं मागे होतं, त्यामुळे त्यातली सप्तपदी अंतरपाटाच्या आधी येऊन बसली. आता मांडवात पोचल्यावर तिघंही माझ्या मोबाइलच्या घड्याळाचा एकेक फोटो काढतात. त्यावरून लाइटरूम या ॲडोबीच्याच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येकाची वेळ जुळवून घेतो.

मामेभावाला आधी वाटलं होतं की आता त्याचं काम संपलं. उलट सीझनच्या ऑर्डरी अठरावरून तिसाच्या वर गेल्या. गठ्ठे तोच पाडतो आणि माझ्यापेक्षा नीट पाडतो. अल्बमची पानं आमच्या सौ. लावतात.

सगळं मशीनवर सोपवलंय असं मात्र नाही. हल्लीच्या हॉलमधले गुलाबी-जांभळे एलईडी पार आमचा जीव खातात. त्या उजेडात बाकीचे रंग जवळपास नसतातच, मग स्लायडर कुठेही न्या, चेहरा माणसाचा होत नाही. असे फोटो बाजूला काढून मी एकेक करतो, काही थेट कृष्णधवल करून टाकतो. गोरज मुहूर्ताला उजेड दर पाच मिनिटांनी बदलतो, तिथे गठ्ठे आठ-दहा फोटोंचेच होतात. 2023 साली लाइटरूममध्ये डिनॉइज, म्हणजे फोटोतले दाणे काढणारी सोय, आलं, अंधाऱ्या हॉलच्या फोटोंना फार उपयोगी, पण आमच्या जुन्या ग्राफिक कार्डावर एका फोटोला काही मिनिटं घेतं. म्हणून ते फक्त अल्बमला निवडलेल्या फोटोंवर, रात्री.

नव्या कॉम्प्युटरचं कोटेशन आलंय. तुळशीच्या लग्नाआधी घ्यायचा विचार आहे. हळदीचा गठ्ठा अजून मीच करतो, आणि बॅचला लावायच्या आधी अण्णांना एकदा दाखवतो.