दार लोटून घेणारी लेक

माझी लेक १० वर्षांची आहे आणि गेल्या दिवाळीपासून ती कपडे बदलताना खोलीचे दार लोटून घेऊ लागली आहे. मुलींमध्ये वयात येण्याची पहिली चिन्हे साधारणपणे ८ ते १३ या वयात दिसतात. स्तनांची वाढ सुरू झाल्यानंतर पाळी येण्यास बहुधा दोन ते अडीच वर्षे लागतात, आणि बोलण्यासाठी आईवडिलांना मिळतो तो हाच अवधी. माझ्या लहानपणी ‘कावळा शिवला’ एवढेच कानावर येई, म्हणून मी तिला चित्र काढून गर्भाशय, अंडाशय समजावले आणि पॅड कसे लावायचे तेही दाखवले. तिच्या बाबांना मुद्दाम शेजारी बसवले होते. तिने एकच प्रश्न विचारला, “शाळेत आली तर कुणाला सांगू?” त्या रात्री आम्ही दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक छोटी पिशवी ठेवली.