तुम्ही विचारलेत म्हणून : डीएपीची बॅग आणि पश्चिम सहारा

आमच्या गावच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले मला, म्हणजे एका निवृत्त इतिहासशिक्षकाला, दरवर्षी विचारतात की वायव्य आफ्रिकेतल्या पश्चिम सहाराच्या वादात भारत नेमका कोणाच्या बाजूने आहे. परीक्षेपुरते उत्तर एका ओळीचे आहे : भारत कोणाचीही बाजू न घेता संयुक्त राष्ट्रांच्या प्रयत्नांना पाठिंबा देतो. मला ते अपुरे वाटते, कारण ही तटस्थता मूळची नाही.

स्पेनने १९७५ मध्ये ही आपली वसाहत सोडायला घेतली, तेव्हा शेजारच्या मोरोक्कोने तिच्यावरचा आपला हक्क पुढे केला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मत दिले, की तिथल्या काही टोळ्यांचे मोरोक्कोच्या सुलतानाशी जुने संबंध असले तरी त्यावरून प्रदेशाची मालकी ठरत नाही आणि निर्णय तिथल्या लोकांनीच करायचा आहे. लोकांना मात्र आजवर कोणी विचारलेले नाही. मोरोक्को आणि स्वातंत्र्यासाठी लढणारे सहरावी, म्हणजे तिथले लोक, यांच्यातल्या १९९१ च्या शस्त्रसंधीबरोबर ठरलेले सार्वमत झालेच नाही. १९७६ मध्ये जाहीर झालेल्या सहरावी प्रजासत्ताकाला भारताने १९८५ मध्ये मान्यता दिली आणि २००० मध्ये ती काढून घेतली.

का काढली, याचे उत्तर मी मुलांना कृषी सेवा केंद्रासमोरच्या जूनमधल्या रांगेत दाखवतो. खताच्या पन्नास किलोच्या बॅगवर मोठ्या अक्षरांत ‘भारत डीएपी’ छापलेले असते आणि खाली नत्र, फॉस्फेट आणि पालाश यांच्या टक्क्यांचे १८:४६:० हे आकडे असतात. त्यातला सेहेचाळीस टक्के भाग फॉस्फेटचा, आणि ते आपल्या जमिनीत पुरेसे सापडत नसल्यामुळे खडक, आम्ल किंवा तयार खत अशा कोणत्या ना कोणत्या रूपात बहुतांशी बाहेरून येते. जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के साठा एकट्या मोरोक्कोकडे मानला जातो. वादातल्या प्रदेशातही बू क्राची खाण आहे, जिथला खडक सुमारे शंभर किलोमीटर लांबीच्या सरकत्या पट्ट्यावरून समुद्रापर्यंत येतो. मान्यता काढण्याआधीच भारतीय कंपनीच्या भागीदारीतला फॉस्फोरिक आम्लाचा कारखाना मोरोक्कोत उभा राहिला होता. या दोन गोष्टींची सांगड घालणे हा माझा तर्क आहे, पण कपाशी आणि सोयाबीन पेरणाऱ्या गावात तो समजावून सांगावा लागत नाही.

आमच्याकडे शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणात पंच म्हणून बसलेला माणूस ज्याच्या विहिरीवरून पाणी घेतो, त्याच्याविरुद्ध सहसा बोलत नाही, आणि गावही त्याला त्याबद्दल फारसा दोष देत नाही. मीही भारताला देत नाही. १३५० रुपयांना मिळणारी ती बॅग मीही उचलतो. फक्त या गप्प बसण्याला तत्त्व म्हणावे, हे मला पटत नाही. अल्जीरियात टिंडूफजवळच्या छावण्यांत सहरावी निर्वासितांची तिसरी पिढी वाढते आहे आणि निर्णय लोकांनीच करायचा या ज्या तत्त्वावर आपण १९८५ मध्ये मान्यता दिली, ते त्यांच्यापुरते अजून तसेच आहे.

म्हणून मुलांना मी सांगतो, की उत्तरपत्रिकेत ती एक ओळ लिहा, पण जागा उरली तर १९८५ आणि २००० ही दोन्ही वर्षे लिहा, एकच नको.