शेडला मोरी हवी

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या पोर्टलँडच्या आमच्या घरामागे १० फूट रुंद आणि १२ फूट लांब अशी एक शेड आहे आणि तिच्यात मी महिन्यातून एकदोनदा बिअर करतो. ही शेड बांधण्यापूर्वी मी तिचे निदान आठ-दहा नकाशे काढले असतील. प्रत्येक नकाशात मध्यभागी तीन मोठी पातेली, भिंतीला फळ्या, कोपऱ्यात फ्रीज आणि खिडकीपाशी एक उंच स्टूल होते. पाणी कुठून येणार हे मी दाखवले होते, पण ते कुठे जाणार हे एकाही नकाशात नव्हते. बिअर करण्याचा निम्म्याहून अधिक वेळ धुण्यात जातो आणि १९ लिटरच्या एका घाण्याला, भांडी धुणे आणि गार करणे धरून, दीडशे लिटरच्या आसपास पाणी सहज लागते, हे मला गॅरेजमधल्या चार वर्षांनी शिकवले होते. तरीही नकाशा काढायला बसलो की हात पातेल्यांकडेच वळायचा.

गॅरेज सोडण्याचे कारण उन्हाळा. २८ जून २०२१ रोजी पोर्टलँडमध्ये पारा ११६ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे जवळजवळ ४७ सेल्सियसवर गेला. त्या आठवड्यात गॅरेजमध्ये माझी पेल एल, म्हणजे एक फिकट बिअर, आंबत होती. टबात पाणी, पाण्यात फर्मेंटर (बिअर आंबवण्याचे भांडे) आणि त्यावर ओला टॉवेल असा माठाच्या तत्त्वावरचा माझा बंदोबस्त दोन दिवसांत कोलमडला. एल जातीच्या यीस्टला १८ ते २० अंश सेल्सियस मानवते. त्याच्या फार वर गेले की ते जड अल्कोहोल आणि उग्र वासाची द्रव्ये तयार करते. झाकण उघडले तेव्हा नखांचा रंग पुसण्याच्या द्रवाचा वास आला आणि सगळी बिअर ओतून द्यावी लागली. त्याच रात्री पहिला नकाशा काढला.

कायद्याचे आधीच सांगून टाकतो, कारण साताऱ्याच्या नातेवाइकांत या शेडचे नाव ‘हातभट्टी’ असे पडले आहे. अमेरिकेत १९७८ साली जिमी कार्टर यांच्या सहीने झालेल्या कायद्यामुळे, फेब्रुवारी १९७९ पासून, घरच्यासाठी बिअर करायला केंद्रीय कर लागत नाही. एका प्रौढाच्या घराला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, ही मर्यादा आहे आणि विक्री करता येत नाही. ही सवलत आंबवण्यापुरती आहे. भट्टी लावून दारू गाळण्याला तिच्यात जागा नाही. महाराष्ट्रात दारूबंदीचा १९४९ चा कायदा परवान्याशिवाय कोणतेही मद्य तयार करू देत नाही, तेव्हा तिकडच्या वाचकांनी यातला बांधकामाचा भाग तेवढा घ्यावा.

परवान्यांचे गणित सोपे निघाले. आमच्याकडे २०० चौरस फुटांपर्यंतच्या, १५ फूट उंचीच्या आतल्या एकमजली शेडला बांधकामाचा परवाना लागत नाही. पण वीज आणि नळ नेले की त्यांचे परवाने वेगवेगळे काढावे लागतात. खणण्यापूर्वी ८११ वर फोन केला की जमिनीखाली काय काय गाडलेले आहे ते माणसे येऊन रंगाने आखून जातात: पिवळी रेघ गॅसची, निळी पाण्याची, लाल विजेची, हिरवी सांडपाण्याची. आपल्या हद्दीतला सांडपाण्याचा नळ मात्र आपला खासगी असतो आणि तो आपणच शोधून घ्यावा लागतो. मी शेडसाठी ठरवलेली जागा अंगणाच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, लॉरेलच्या कुंपणाच्या आडोशाला होती. नोव्हेंबरपासून तिथे पाणी साचते, हे दरवर्षी पाहूनही माझ्या लक्षात आले नव्हते.

ते लक्षात आणून दिले बाबांनी. आई-बाबा त्या वर्षी सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि आयुष्यात त्यांनी बिअरचा थेंब घेतलेला नाही, त्यामुळे शेडचा विषय मी त्यांच्यापुढे बरेच दिवस ‘अवजारांची खोली’ म्हणून काढत होतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, “अवजारांना तीस अँपिअरची लाइन कशाला?” मग खरे सांगितले. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “तुझ्या पिण्याशी मला काही देणेघेणे नाही, पण पाया चुकलेला माझ्याच्याने बघवत नाही.” दुसऱ्या दिवशी सकाळी ते कानटोपी घालून अंगणात हजर होते.

त्यांनी सगळ्यांत आधी नकाशा मागितला, तो पाहिला आणि मोरी कुठे आहे असे विचारले. मी म्हणालो की इथे सिंक असते. “सिंकमध्ये हा हंडा मावतो?” पंधरा गॅलनचे पातेले सिंकमध्ये मावत नाही, हे तर उघडच होते. गॅरेजमध्ये मी ते ड्राइव्हवेवर आडवे करून पाइपने धूत असे आणि पावसाळ्यात, म्हणजे पोर्टलँडला ऑक्टोबरपासून जूनपर्यंत, धुताना स्वतःही धुवून निघत असे. बिअरच्या शेडींबद्दल जिकडेतिकडे जे वाचायला मिळते त्यात सगळ्या जमिनीला एकसारखा उतार देऊन मध्ये जाळी बसवण्याचा सल्ला असतो. तो पाळला तर टेबल, फ्रीज, पातेल्यांचा स्टँड सगळेच तिरके उभे राहते आणि प्रत्येक पायाखाली चिपा घालत बसावे लागते. बाबांचा उपाय आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या स्वयंपाकघरातला होता: एका कोपऱ्यात ३ फूट बाय ४ फुटांची मोरी, बाकीच्या जमिनीपेक्षा दोन इंच खोल. मोरीत जाळीकडे चांगला उतार, आणि बाकीच्या खोलीला मोरीकडे फुटाला अष्टमांश इंच एवढाच, डोळ्यांना न दिसणारा कल. “पाणी वळलं पाहिजे, पळायला नको,” हे त्यांचे शब्द.

मोरी आली म्हणजे तिचे पाणी घराच्या सांडपाण्याच्या नळाला जोडणे आले, आणि त्या नळाला फुटाला पाव इंच उतार हवा. घरापासून २४ फुटांवर शेड नेली तर त्या उतारातच सहा इंच खर्ची पडतात. मागच्या कोपऱ्यात नेली असती तर जमीन नळाच्याही खाली गेली असती. आखलेल्या रेघांनी आणि या हिशेबाने शेडची जागा ठरली. ती घराजवळ आली, उंचावर आली आणि लॉरेलचा आडोसा गेला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आता झाडांऐवजी शेड दिसते, याबद्दल पत्नीची तक्रार आहे आणि ती रास्त आहे.

समतल काढण्यासाठी मी लेझर भाड्याने आणला होता. बाबांनी दुकानातून पारदर्शक नळीचा ३० फुटांचा तुकडा आणवला, त्यात पाणी भरले, अंगठ्याने टिचक्या मारून आतले बुडबुडे काढले आणि एक टोक माझ्या हातात देऊन दुसरे घेऊन ते चौथ्या खुंटीपाशी गेले. लेझर आणि नळी यांच्यात पाव इंचाचा फरक निघाला. मी अर्थातच लेझरच्या बाजूने होतो. अर्ध्या तासाने कळले की तिपाईचा एक पाय ओल्या गवतात रुतत चालला होता. काटकोन आम्ही ६, ८ आणि १० फुटांच्या दोरीने पाहिला आणि कर्ण दोन्हीकडून मोजले. १० बाय १२ च्या आयताचा कर्ण १५ फूट साडेसात इंचांच्या किंचित आत भरतो, तो तसा भरला.

खाली चार इंच खडी, तिच्यावर जाड प्लॅस्टिक, त्यावर जाळी आणि चार इंच काँक्रीट, म्हणजे सुमारे दीड घनयार्ड. बाबांनी मनातल्या मनात त्याचे ब्रास केले आणि “अर्धा ब्रासही नाही, आणि त्याला एवढी गाडी?” म्हणून रेडीमिक्सच्या ट्रककडे पाहत राहिले. मोरीचा भाग त्यांनी कोणाला करू दिला नाही. गुडघ्याखाली स्पंजचा तुकडा घेऊन थापीने त्यांनी तो तासभर घोटला, चारी कडा बोटाने गोल केल्या आणि मग तांब्याभर पाणी ओतून ते कसे जाते ते काँक्रीट ओले असतानाच पाहायचा मोह मोठ्या कष्टाने आवरला.

भिंती आणि छप्पर यांच्याबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. लाकडी चौकटी, मध्ये काचलोकर, वर पत्रा, दीड फुटाची वळचण आणि पन्हळ. दार ३६ इंचांचे घेतले, आणि तेही फ्रीज मोजल्यावर.

खरी फजिती वाफेने केली. जाळी, मोरी, पन्हळ असा पाण्याचा चोख बंदोबस्त झाला या समाधानात मी वाफ हेही पाणीच असते हे विसरलो. माल्टचे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचे, गोड पाणी हॉप्स नावाच्या वेलाची कडवट फुले घालून तासभर खळखळून उकळावे लागते आणि तेवढ्या वेळात चार-पाच लिटर पाणी हवेत जाते. झाकण लावून चालत नाही, कारण फिकट माल्टमधून उकळताना डायमिथाइल सल्फाइड नावाचे द्रव्य निघत असते. ते वाफेबरोबर बाहेर पडले नाही तर बिअरला उकडलेल्या मक्याचा वास राहतो. पहिला घाणा जानेवारीत, खिडकी अर्धी उघडी ठेवून केला. चाळीस मिनिटांनी छताच्या वाशांवरून थेंब गळू लागले, एक मानेवर पडला आणि मागोमाग काही पातेल्यात. तीन आठवड्यांत उत्तरेकडच्या प्लायवूडवर काळ्या बुरशीचे ठिपके उमटले.

मग पातेल्यावर स्टीलचे धुराडे आणि जोरदार पंखा बसवला, समोरच्या भिंतीत खाली हवा आत यायला झडप ठेवली (आत येणाऱ्या हवेला वाट नसेल तर पंखा नुसता घोंघावतो), आणि भिंतींना आतून फायबरग्लासचे पांढरे गुळगुळीत पत्रे लावले, जे इथे दूधडेअऱ्यांत आणि गाड्या धुण्याच्या जागी दिसतात. धुराड्याच्या आतल्या कडेला एक छोटी पन्हळ आहे. थंड पत्र्यावर जमलेले पाणी तिच्यातून बाटलीत पडते, पुन्हा पातेल्यात नाही. हे सगळे आधी केले असते तर प्लायवूड दोनदा घ्यावे लागले नसते. एकूण खर्चाचा आकडा मी घरात सांगितला आहे तेवढाच खरा मानावा.

चूल विजेची आहे. बंद खोलीत प्रोपेनचा बर्नर लावला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो, त्यामुळे तो विचार पहिल्या दिवशीच सोडला. २४० व्होल्टवर ५५०० वॉटचे एलिमेंट सुमारे २३ अँपिअर घेते, म्हणून ३० अँपिअरची लाइन. ओल्या जमिनीवर उभे राहून काम करायचे असल्याने वीज गळताच तोडणारा ब्रेकर हवाच; आपल्याकडे घरांत बसवतात ते ३० मिलिअँपिअरचे असतात, इथला पाचच्या आसपास उडतो आणि पहिल्या महिन्यात उठसूट उडून त्याने मला रडकुंडीला आणले. दोष ब्रेकरचा नव्हता. एलिमेंटच्या जोडात वाफ शिरत होती. हे काम मी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घेतले आणि त्याबद्दल मला काडीचाही पश्चात्ताप नाही.

आत येणाऱ्या पाण्याबद्दल मात्र पोर्टलँडकरांनी तक्रार करू नये. बुल रनच्या जंगलातून येणारे हे पाणी इतके मृदू आहे की पिल्सनर या फिकट बिअरला जसेच्या तसे चालते. कडवट एलसाठी त्यात चिमूटभर जिप्सम घालावे लागते. पालिका जंतुनाशक म्हणून क्लोरामाइन घालते, ते उकळून लवकर जात नाही आणि माल्टशी मिळून औषधी पट्टीसारखा वास देते. १९ लिटरला कॅम्पडेनची (सल्फाइटची) पाव गोळी चुरून टाकली की ते नाहीसे होते. उकळलेला रस गार करायला तांब्याचे वेटोळे वापरतो आणि त्यातून निघणारे गरम पाणी आधी पिंपात भरून मोरीत भांडी धुवायला घेतो.

माल्ट दळायचे काम शेडच्या आत करीत नाही, वळचणीखाली करतो. दाण्याच्या टरफलांवर लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू असतात, विरजणातल्यांचेच भाऊबंद, आणि त्यांची धूळ फर्मेंटरपाशी नको. दळताना आई शेजारी येऊन बसे. भिजवलेले, मोड आणलेले, वाळवलेले सातू तिने हातात घेऊन चावून पाहिले आणि हे तर नाचणीच्या सत्त्वासारखेच आहे, असे म्हणून तिने या उद्योगातले गूढ एका वाक्यात संपवले.

दक्षिणेकडच्या भिंतीला कॅस्केड हॉप्सचे तीन वेल लावले आहेत. ही जात इथून दीड-दोन तासांवरच्या कॉर्व्हॅलिसमध्ये तयार होऊन १९७२ साली बाहेर पडली. दोरीवर ते पडवळासारखे चढतात, पण खोडाला बारीक काटेरी लव असल्याने तोडताना हात ओरबाडतात.

बाबा परत गेल्याला आता बराच काळ झाला. दर रविवारच्या फोनवर ते बिअरबद्दल चकार शब्द काढत नाहीत, पण मोरी तुंबत नाही ना, हे न चुकता विचारतात. आतापर्यंत दोनदा तुंबली, दोन्ही वेळा पातेल्याच्या तळाचा हॉप्सचा हिरवा गाळ मी आळसाने तसाच ओतला म्हणून. आता जाळीवर स्टीलची चाळणी ठेवली आहे आणि गाळ तिच्यातून उचलून कंपोस्टमध्ये जातो.