मानशीपाशी आठवीचा वर्ग

बुधवार, रात्र. पाऊस अजून थांबलेला नाही.

पाय दोनदा धुतले तरी नखांत चिखल आहेच. आज आठवीला घेऊन गोव्यातल्या जुवारी नदीकाठच्या खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतात, गेले होते. धडा हवामानबदलाचा. पुस्तकात वितळणारं बर्फ, वाढणारा समुद्र; मुलांना ते फार लांबचं वाटतं. आणि यांच्यातल्या कित्येकांची शेतं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत! बांध आहे म्हणून ती शेतं आहेत.

वर्गातल्या एका मुलीचे आजोबा सोबत होते. गावडा समाजातले, अर्धं आयुष्य मानशीवर काढलेले. मानस म्हणजे बांधातलं पाणी अडवायचं-सोडायचं दार. त्यांनी काही शिकवलं नाही, मुलांना ओहोटीची वाट बघत बसवलं. पाऊण तासाने मानशीची लाकडी दारं हलली, बाहेर कलली आणि शेतातलं पाणी नदीकडे धावलं. भरतीला नदीचंच पाणी ती दारं लोटून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ती उघडतं. मोटर नाही, वीज नाही. मग त्यांनी बांधातली कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं दाखवली. वेळीच बुजवली नाहीत तर एखाद्या उधाणात तिथूनच खिंडार पडतं. बाहेरची खारफुटी लाटांचा मार झेलते, तिला हात लावायचा नाही. पहिल्या पावसांनी मातीतलं मीठ धुतलं की मोड आलेलं कोरगूट भात पेरायचं. ते थोडा खार सोसतं.

1510 साली पोर्तुगीज आले त्याआधीपासून गावकरीने, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेने, हे बांध राखले. 2015 च्या पॅरिस कराराच्या सातव्या कलमात स्थानिक आणि आदिवासी समाजांच्या ज्ञानाचा आधार घ्यावा असं लिहिलंय. आमच्याकडे गावडा, कुणबी, वेळीप यांना 2003 साली अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. वर्गात मात्र यातलं काय आलं? स्नेहसंमेलनात मुली कुणबी लुगडं नेसून धालो नाचतात, टाळ्या पडतात, दुसऱ्या दिवशी त्याच मुलींच्या घरच्या शेतीला भूगोलात एक ओळही नसते. मीही इतकी वर्षं हेच करत आले. फार वाईट वाटलं आज.

एका मुलाने विचारलं, समुद्र वाढला तर मानस काय करणार? आजोबा बराच वेळ गप्प होते. मग मानशीच्या चिऱ्यावरची एक जुनी रेघ दाखवली. अमावास्येचं उधाण तिथवर यायचं. आता ती रेघ बुडते. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, हें पयलीं अशें नाशिल्लें."

त्यांना सगळं ठाऊक आहे असं मी मुलांना सांगत नेलं होतं. पण त्यांचे आडाखेही आता हलू लागलेत, आणि ते त्यांनी मुलांसमोर सांगितलं.

परतताना मुलांनीच ठरवलं. आजोबांची रेघ शून्य धरायची, शेजारी खुणा केलेली काठी रोवायची आणि दर अमावास्या-पौर्णिमेला पाणी कुठवर आलं ते वहीत लिहायचं. काठी आजोबा देणार आहेत. वही उद्या मी आणायची आहे.