तुम्ही विचारलंत म्हणून: आवडला एक, जिंकणार दुसरा

ऑस्करची नामांकनं लागली की मी जमतील तेवढे सिनेमे बघून त्यांच्यावर लिहितो आणि सोहळ्याआधी विजेत्यांचा अंदाजही देतो. त्यावर हमखास येणारा प्रश्न असा: "ज्याचं एवढं कौतुक केलंत त्याला सोडून दुसराच जिंकणार म्हणता. मग खरं काय धरायचं?" रंकाळ्यावर भेटणारा मित्र हेच त्याच्या पद्धतीनं विचारतो: "भावा, नक्की कुठल्या पार्टीत हाईस?"

दोन्ही खरं धरा. परीक्षण सिनेमाचं असतं, अंदाज मतदारांचा.

आणि मतदाराचं गणित कोल्हापूरकराला मी काय शिकवणार! पुणे पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात मत दिलेल्यांना पसंतीक्रम पाठ आहे. नावापुढं 1, 2, 3 असे आकडे टाकायचे. पहिल्या पसंतीत कुणी कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, गाठला नाही, तर तळाचा उमेदवार बाद आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर 2010च्या सोहळ्यापासून असंच ठरतं. जिंकायला निम्म्याहून जास्त मतं लागतात आणि रिंगणात दहा सिनेमे, म्हणजे पहिल्याच फेरीत निकाल लागणं अवघड. मग दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीवर सगळा खेळ. काहींना जीव की प्राण आणि बाकीच्यांना डोकेदुखी वाटणारा सिनेमा इथं मार खातो. कुणालाच फारसा न खुपणारा पुढं सरकतो. बाकीच्या विभागांत साधा हिशोब, ज्याला जास्त मतं तो विजेता.

म्हणून तर दिग्दर्शनाचं ऑस्कर एकाकडे आणि चित्रपटाचं दुसऱ्याकडे, असं वरचेवर होतं. 2017ला 'ला ला लँड' आणि 'मूनलाइट', 2019ला 'रोमा' आणि 'ग्रीन बुक'. त्या वर्षी 'रोमा'च्या जवळपासही कुणी नव्हतं, हे मी आजही म्हणेन. पण अंदाजाच्या कागदावर माझ्या म्हणण्याला किंमत शून्य.

2022चा 'कोडा' तर अभ्यासाला लावावा. नामांकनं तीनच. दिग्दर्शनाचं नाही, संकलनाचंही नाही. एवढ्यावर मोठं बक्षीस सहसा मिळत नाही. पण आधीच निर्मात्यांच्या आणि अभिनेत्यांच्या संघटनांनी त्याला निवडलं होतं, आणि निर्मात्यांची संघटनाही पसंतीक्रमानंच मतं मोजते. खूण समोर होती. तिन्ही ऑस्कर घेऊन गेला. गोल्डन ग्लोबचा मात्र लोक उगाच गाजावाजा करतात. ते पत्रकारांच्या मतांवर ठरतात आणि त्या पत्रकारांना ऑस्करला मत नसतं. संघटनांचे बरेच सभासद ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीतही असतात, त्यात नटांची शाखा सगळ्यात मोठी. अर्थात संघटनांचाही कौल फुटतो: 2020ला दिग्दर्शक आणि निर्माते, दोघंही '1917'च्या बाजूनं होते. अभिनेत्यांनी 'पॅरासाइट'च्या कलाकारसंचाला निवडलं होतं, आणि शेवटी जिंकला तोच.

मतदार सगळे सिनेमे बघतात का? 2026च्या सोहळ्यासाठी अकॅडमीला नियमच करावा लागला, की त्या विभागातले सगळे नामांकित सिनेमे बघितल्याशिवाय अंतिम मत देता येणार नाही. तोवर काय चालत असेल ते समजून घ्या.

परीक्षणाचं शिक्षण मात्र गावातच होतं. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला तो इथं, 'प्रभात' फिल्म कंपनी 1929 साली सुरू झाली ती इथं. जयप्रभा स्टुडिओत काम केलेल्या एखाद्या म्हाताऱ्याशेजारी बसून सिनेमा बघा. नायिका रडत असते आणि हा विचारतो, "खिडकी डावीकडं हाय, मग उजेड उजवीकडनं कसा आला?" अशा माणसाला कोण जिंकणार याचं काही पडलेलं नसतं. मी परीक्षण लिहितो ते त्याच्या धाकानं.

राष्ट्रीय पुरस्कारांचा अंदाज का देत नाही, हेही काही जण विचारतात. तिथं हजारो मतदार नाहीत, आधीचे कौल नाहीत. दरवर्षी बदलणारं परीक्षक मंडळ खोलीत बसतं आणि नावं बाहेर येतात. त्याचं भाकीत हवं असेल तर महाद्वार रोडला जाऊन एखादा ज्योतिषी गाठा.