अंगठा करंगळीला लाव

"दादा, सॅकची चेन अडकलीये," ती म्हणाली. मी वाकून पाहिलं. चेन मोकळी होती, तिची बोटंच वळत नव्हती.

हरिश्चंद्रगड, जुलैचा शनिवार, दुपारचे सव्वादोन. तोलार खिंडीतून वर आल्यावर हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापर्यंत लहानमोठ्या सात टेकड्या पार कराव्या लागतात, त्यांतल्या चौथ्या की पाचव्या टेकडीवर आम्ही होतो. दाट धुकं, आडवा पाऊस आणि कोकणाकडून येणारा असा वारा की बोलताना तोंड फिरवावं लागत होतं. मी तिला म्हटलं, "अंगठा करंगळीला लाव बघू." तिने हात वर धरला, अंगठा तळव्याच्या मध्यापर्यंत आला आणि तिथेच थरथरत राहिला. दुसऱ्या हाताचंही तेच. सकाळपासून बसमध्ये सगळ्यांत जास्त बडबडणारी पोरगी गेला अर्धा तास एक शब्द बोलली नव्हती, हे माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

सोळा वर्षं मी ट्रेक लीड करतोय. हायपोथर्मिया म्हणजे हिमालयातलं दुखणं, असं आजही बहुतेक लोक धरून चालतात. त्या दिवशी वर वीसेक अंश तापमान असेल. घरात वीस अंशाला आपण पंखाही बंद करत नाही. हजार मीटर चढलं की हवा पाच-सहा अंशांनी गार होते. हा गड समुद्रसपाटीपासून १४२४ मीटर असला तरी पायथाही उंचावरच आहे, म्हणजे पायथा आणि माथा यांत फार तर तीन-चार अंशांचा फरक. मग एवढी काकडली कशी? कारण अंग ओलं होतं. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. त्यावर वारा लागला की शरीर किती पुरं पडणार? आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की हायपोथर्मिया. ती त्या उंबरठ्यावर होती. कुडकुडत होती, तेवढाच मला दिलासा. माणूस गारठलेलाच असताना कुडकुडणं थांबलं, तर खरं घाबरायचं.

आता तिने काय घातलं होतं ते सांगतो, कारण सगळं तिथेच आहे. जीन्स. सुती टी-शर्ट, त्यावर जाड सुती हूडी आणि सगळ्यात वर चांगल्यापैकी रेनकोट. पहाटे बसमध्ये गार लागलं म्हणून हूडी घातली, ती पायथ्याच्या खिरेश्वर गावात उतरल्यावरही काढली नाही. खिंडीपर्यंतची वाट झाडीतून जाते. तिथे वारा नसतो, दमट उकाडा असतो. रेनकोटच्या आत ती दोन तास घामाने भिजत होती. पावसाचा थेंब आत शिरायच्या आधीच हूडी पिळून काढावी इतकी ओली झाली होती. सुताला पाणी सोडवत नाही. टॉवेल सुताचा करतात तो त्याचसाठी.

"एक जोड कोरडे कपडे आणा" असं मी ग्रुपवर लिहिलं होतं. तिने आणलेही होते, कापडी पिशवीत घालून सॅकच्या तळाशी. सॅकला कव्हर होतं, पण कव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही. पाठीवरून ओघळलेलं पाणी नेमकं तिथून आत जातं. कोरडा जोडही ओला झाला होता. प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, एवढी एक ओळ मी लिहिली नव्हती. ती चूक माझी होती आणि त्याची बोच अजून आहे.

त्यात भर पडली बुटांची. खिरेश्वरला मी सगळ्यांचे तळवे पाहतो. नुसती खोल नक्षी पाहून चालत नाही, रबर नखाने दाबून बघावं लागतं. जॉगिंगच्या बुटांचा टणक सोल रस्त्यावर चांगला, पण शेवाळलेल्या काळ्या कातळावर तो साबणासारखा सरकतो. ॲक्शन कंपनीचे साधे ट्रेकिंगचे बूट सह्याद्रीत इतकी वर्षं लोक आवडीने घालतात ते त्यांच्या पकडीसाठी. वॉटरप्रूफ बुटांबद्दलही लोक फार विचारतात. माझं मत स्पष्ट आहे, इथल्या पावसाळ्यात त्यांचा उपयोग नाही. पाणी घोट्यावरून आत जातं आणि मग बाहेर पडायला वाट नसते. दिवसभर पाय डबक्यात. त्यापेक्षा आत आलेलं पाणी निघून जाईल असा जाळीचा बूट, आत लोकरीचे किंवा सिंथेटिक मोजे आणि मुक्कामासाठी मोज्यांचा एक कोरडा जोड.

पन्नाशीचे एक गृहस्थ होते, त्यांचे बूट मी एका नजरेत पास केले. भारी बूट, जाड सोल, अगदी नव्यासारखे. चार वर्षांपूर्वी हिमालयात एकदा वापरून खोक्यात ठेवले होते, हे मला नंतर कळलं. अशा सोलच्या आत पॉलियुरेथेनचा फोम असतो. तो दमट हवेने आतल्या आत कुजतो आणि न वापरता ठेवलेले बूट तर जास्तच दगा देतात. वरून काही दिसत नाही. खिंडीच्या वरच्या कातळटप्प्यावर, हात रेलिंगला आणि पाय खोबणीत, अशा अवस्थेत त्यांच्या उजव्या बुटाचा सोल टाचेपासून सुटला आणि जिभेसारखा लोंबायला लागला. बोट लावलं तर फोमचा भुगा हातात आला. दहा पावलांवर डावाही गेला.

ते तसेच कसेबसे वर आले. मी नायलॉनच्या दोरीने दोन्ही सोल बांधले. चवड्याखालून एक फेरा, घोट्यामागून एक, वर गाठ. ओल्या बुटावर दोरी सरकते, त्यामुळे दोनदा सोडून पुन्हा बांधावी लागली. या सगळ्यात अर्धा तास गेला आणि तो अर्धा तास बाकीचे एकवीस जण वरच्या उघड्या सोंडेवर वाऱ्यात उभे होते. चालत होती तोवर ती पोरगी ठीक होती. उभी राहिली आणि गारठली.

पठारावर आम्ही एका मोठ्या खडकाचा आडोसा धरला. दोन मुलींनी पोंचो पडद्यासारखा धरला. वारा तो हिसकत होता, चार हात लागले. आत तिची हूडी आणि जीन्स उतरवली. एकीचा ड्राय-फिट टी-शर्ट, दुसरीची ट्रॅकपँट, माझ्या सॅकमधला फ्लीस (उबदार सिंथेटिक जॅकेट), त्यावर तिचाच रेनकोट, डोक्याला माकडटोपी. हातपाय चोळायचे नाहीत असं मी बजावलं, ऊब आधी छातीपोटाला मिळायला हवी. ती मुलींच्या मधोमध बसली. चिक्कीचा तुकडा तिच्या हातात राहीना, तो तोंडात भरवावा लागला. वीसेक मिनिटांनी ती म्हणाली, "चिक्की दाताला चिकटलीये." सकाळपासून तिचं एवढं बोलणं ऐकत होतो, पण इतकं बरं आधी कधी वाटलं नव्हतं.

मंदिराजवळ गावातल्या माणसांच्या झोपड्या असतात, चहा-भाकरी मिळते. आमच्या ओळखीच्या मावशींनी तिला बघितलं मात्र, चुलीपुढची जागा मोकळी केली. "पोरी, वल्लं काय ऱ्हायलंय का अंगावर?" मोजे राहिले होते. तेही काढायला लावले आणि खुंटीवरची घोंगडी तिच्याभोवती गुंडाळली. दख्खनी मेंढीच्या लोकरीची काळी घोंगडी, टोचणारी, धुराच्या वासाची. एक कड पावसाने दमट होती, तरी आतून ऊब. लोकर ओली झाली तरी ऊब धरून ठेवते. आपल्या डोंगरात घोंगडीची खोळ करून भर पावसात गुरं राखणाऱ्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. आम्ही मात्र दुकानातली सुती हूडी घेऊन त्याच पावसात येतो.

दोन ग्लास गोड कोरा चहा झाल्यावर मी पुन्हा म्हटलं, "अंगठा करंगळीला लाव." तिने दोन्ही हातांचे लावून दाखवले आणि मग रडली. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. घोंगडीचे काही द्यायला गेलो तर त्या रागावल्या.

आता खिरेश्वरच्या वाटेवरच्या खुबी फाट्याला उतरलं की मी सगळ्यांच्या सॅक उघडायला लावतो. कोरडा जोड दुहेरी प्लास्टिकमध्ये आहे की नाही, ते हात घालून बघतो. जीन्स असेल तर माणूस गाडीत बसतो, वर येत नाही. यावरून भांडणं झाली आहेत, पैसे परत केले आहेत. चढताना अंगात एकच पातळ टी-शर्ट ठेवायला सांगतो. वारा लागला तर वर विंडचीटर, पण फ्लीस सॅकमध्येच. चालायला लागताना थोडं गार वाटलंच पाहिजे. थांबलो की अंग गार पडायच्या आधी, पहिल्या मिनिटाला फ्लीस बाहेर.

त्या ट्रेकच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पाचनई गावाकडून उतरलो. वाट सोपी आणि दोरीने बांधलेल्या बुटांना तीच झेपणार होती. ओढ्यापाशी पाऊस उघडला, ऊन आलं. ती सगळ्यांच्या मागे थांबली. मी वळून बघितलं तर माझा फ्लीस काढून ती प्लास्टिकच्या पिशवीत घालत होती. हवा दाबून काढली, पिशवीच्या तोंडाला दोन गाठी मारल्या आणि मग सॅकची चेन ओढली.