पेडल जाम झालंय? आधी दिशा बघा

सायकलचं पेडल निघत नाही म्हटलं की जो तो आधी तेल शोधतो, मग मोठा पाना, मग हातोडी. आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा पेडल जाम वगैरे काही नसतंच, माणूस ते काढायच्या नावाखाली अजून आवळत असतो. विशेषतः डावं. उजव्या पेडलला नेहमीचे सरळ आटे असतात आणि डाव्याला उलटे, हे ऐकून सगळ्यांना माहीत असतं, पण सायकलपाशी उकिडवं बसून पाना लावला की सरळ कुठलं आणि उलटं कुठलं याचा पार गोंधळ उडतो. त्यात पेडलला पान्याची जागाच नसेल आणि क्रँकच्या (पेडल जिच्या टोकाला बसतं ती दांडी) आतल्या बाजूने अ‍ॅलन की (षटकोनी सळीची चावी) घालायची असेल तर बघायलाच नको, कारण तिथून बघताना दिशा पुन्हा उलटी दिसते.

म्हणून मी डावं-उजवं, घड्याळाचे काटे हे सगळं सोडून दिलंय. सायकल चाकांवर उभी करायची, ज्या बाजूचं पेडल काढायचं ती क्रँक पुढच्या चाकाकडे आडवी करायची, पाना असा अडकवायचा की त्याचा दांडा मागच्या चाकाकडे येईल, आणि दांडा खाली दाबायचा. बस. दोन्ही बाजूंना हेच, आणि आतून अ‍ॅलन की लावली तरी हेच. फक्त सायकल उलटी करून सीटवर उभी केली असेल तर हा हिशोब फसतो, खालचं वर होतं, त्यामुळे पेडल काढताना सायकल उलटी करूच नका. (तशीही बरेच जण कशाहीसाठी सायकल उलटी करतात, का ते मला कळत नाही.)

आता उलटे आटे का, तर पायाच्या दाबाची दिशा क्रँकच्या हिशोबाने सतत फिरत राहते आणि त्या फिरत्या दाबाने आट्यातला पेडलचा दांडा कणाकणाने सरकत जातो. डावीकडे सरळ आटे दिले असते तर चालवता चालवता पेडल आपोआप सुटून आलं असतं. राइट बंधू, हो तेच विमानवाले, विमानाआधी त्यांचा धंदा सायकलचा होता, त्यांच्याही सायकलींना 1900 च्या आसपास डावीकडे असे उलटे आटे होते. पण याचा दुसरा अर्थ असा की पेडल चालवून चालवून घट्टच होत जातं. त्यात बसवताना कोणी ग्रीस लावलं नसेल, क्रँक अ‍ॅल्युमिनियमची, पेडलचा दांडा स्टीलचा, वरून पाऊस आणि घाम, मग दोन धातूंच्या मध्ये जो पांढरा चुरा धरतो तो पेडलला अक्षरशः चिकटवून टाकतो. खरं जाम म्हणजे हे.

अशा वेळी जोर नंतर, आधी पाना बघा. पेडलला 15 मिमीचा पाना लागतो, पण घरातला साधा 15 चा पाना बऱ्याचदा जाड असतो, पेडल आणि क्रँकच्या फटीत पूर्ण बसतच नाही, कडेकडेने पकडतो आणि जोर लावला की कडा गोल करतो. एकदा कडा गेल्या की काम तिप्पट वाढलं. चाकाच्या हबच्या कोनसाठी (बेअरिंग आवळणाऱ्या नटासाठी) जो पातळ पत्र्यासारखा पाना असतो तोही नको, वाकतो. पेडलचा पाना वेगळा मिळतो, पातळ पण कणखर आणि लांब दांड्याचा. अ‍ॅलन कीवाली पेडलं 6 किंवा 8 मिमीची असतात, त्यातली 6 वाली खरंच हट्टी असतात कारण एवढ्याशा कीवर किती जोर देणार, तिला पाइप घालून लांब करावं लागतं आणि मग की तरी पिळवटते नाहीतर आतलं भोक तरी.

तेल मारायचं तर क्रँकच्या आतल्या बाजूने मारा. तिथे दांड्याचं टोक दिसतं, आट्यांची शेवटची कड उघडी असते, तेल तिथून आत शिरतं. सायकल आडवी टाका म्हणजे ती कड वर येईल, गंज भेदणाऱ्या तेलाचे थेंब सोडा, आणि रात्रभर विसरून जा. दर पाच मिनिटांनी फवारा मारून लगेच पाना लावणारे लोक फक्त लादी खराब करतात.

आणि मग जोर. चेन पुढच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर चढवून घ्या, हे मी अगदी हात जोडून सांगतोय, कारण अडकलेलं पेडल हळूहळू सुटत नाही, ते एकदम कट्‌ आवाज करून सुटतं आणि पान्यावरचा हात सरळ चक्राच्या दात्यांवर जातो, चेन असली की दाते झाकलेले राहतात. पाना क्रँकच्या जवळजवळ समांतर येईल असा अडकवा, दोघांमध्ये थोडासाच कोन ठेवून, म्हणजे पाना आणि क्रँक अडकित्त्यासारखे एकमेकांकडे दाबता येतात आणि सायकल पुढे-मागे पळत नाही. तरीही नाही हललं तर मागचा ब्रेक दाबायला कोणीतरी घ्या आणि पान्यावर पायाने वजन टाका, किंवा पान्याच्या दांड्याच्या टोकाला हातोडीचा एक नेमका झटका. सतत रेटत बसण्यापेक्षा झटक्याने ती पकड लवकर तुटते.

एवढ्यावरही नाही तर उष्णता. अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून क्रँकचं टोक तापवलं की भोक दांड्यापेक्षा जास्त मोठं होतं. जास्त म्हणजे किती, तर 80 अंशाने तापवलं तर फरक साधारण 0.01 मिमीचा. ऐकायला काहीच नाही, पण तो चुरा तडकायला पुष्कळ होतो. उकळतं पाणी ओता किंवा हॉट एअर गन वापरा, आधी तेल नीट पुसून, आणि उघडी ज्योत नकोच. कार्बनची क्रँक असेल तर हा प्रकार अजिबात करू नका, त्यात आट्यांचा धातूचा तुकडा चिकटवलेला असतो, तोच सुटायचा.

पेडल टाकूनच द्यायचं असेल तर शेवटचा उपाय मला सगळ्यात आवडतो. पेडलचं बाहेरचं टोपण काढा, नट खोला, छर्रे सांडतील ते सांडू द्या, पेडलचा सांगाडा उपसून काढा, म्हणजे नुसता दांडा उरतो. क्रँक सायकलवरून उतरवा, दांडा व्हाइसमध्ये (टेबलावरच्या पकडीत) कचकचीत आवळा आणि क्रँकच धरून फिरवा. पाना घसरायचा प्रश्नच उरत नाही. फक्त दिशा परत तपासा, कारण आता दांडा स्थिर आणि क्रँक फिरतेय: क्रँक सायकलवर असताना पुढे जाताना जशी फिरते तशीच फिरवायची, दोन्ही बाजूंना.

आणि निघाल्यावर दांड्याच्या आट्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली दिसली तर क्रँकचेच आटे उपसून आलेत. मग भोक मोठं करून नवीन आट्यांची बुशिंग (धातूची छोटी नळी) बसवून घ्या, नाहीतर सरळ ती एका बाजूची क्रँक बदला.